जमिनीवरून उठता आलं पाहिजे: साठीनंतरचं खाणं आणि हालचाल, देशोदेशीच्या सवयी उचलून

गेल्या श्रावणात जाऊबाईंकडे सत्यनारायण होता. सगळ्या खाली सतरंजीवर बसल्या म्हणून मीपण बसले, कथा झाली, आरतीला सगळे उभे राहिले आणि मी आपली तिथेच. आधी वाटलं पायाला मुंग्या आल्यात, मग दोन्ही हात टेकवून बघितले, गुडघ्यावर जोर देऊन बघितला, काही केल्या उठवेना. शेवटी पुतण्या आणि त्याची बायको दोन्हीकडून बगलेत हात घालून उचलायला आले, तांदळाचं पोतं उचलतात ना अगदी तस्सं. आणि मला तसा काही आजार नाहीये, वय सदुसष्ट, बीपीची एक गोळी, रोज सकाळी अर्धा तास चालायला पण जाते. मग हे काय झालं?

डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले गुडघे वयाच्या मानाने ठीक आहेत, मांड्यांत ताकद राहिलेली नाही, दिवसभर खाता काय ते सांगा. सांगितलं. सकाळी चहा-खारी, मग पोहे नाहीतर उपमा, दुपारी दोन पोळ्या भाजी थोडा भात, संध्याकाळी चहा-बिस्कीट, रात्री मऊ खिचडी. ते नुसते हसले.

मग मी वाचायला बसले, मुलगी बाहेरदेशी असते ती पण काय काय पाठवत असते. आणि खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मी तेच केलं जे सगळे करतात, जपानी लोक शंभर वर्षं जगतात ना मग ग्रीन टी आणा, स्पेनवाले ऑलिव्ह ऑइल खातात ना मग ती महागडी बाटली आणा आणि त्यात मोहरी-हिंगाची फोडणी द्या (चव कशी लागते विचारू नका). कपाट भरलं, मांड्या होत्या तशाच. नंतर कुठे डोक्यात शिरलं की तिकडचं सामान आणून काही होत नाही, तिकडचे आजी-आजोबा रोज करतात काय ते बघायचं, आणि त्यातलं निम्मं तर आपल्या आजीच्या घरात होतंच.

मी डॉक्टर नाही. हे घरात करून बघितलेलं आणि वाचलेलं लिहितेय. हृदयाचा, किडनीचा त्रास असेल, गुडघा किंवा खुबा बदललेला असेल, उठताना चक्कर येत असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि मगच सुरू करा.

पहिल्यांदा स्वतःला मोजा

घरातली हात नसलेली, न डगमगणारी खुर्ची घ्या, खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून ठेवा. मधोमध बसा, हात छातीवर आडवे बांधा आणि कोणाला तरी मोबाईलवर ३० सेकंद लावायला सांगा. तेवढ्यात किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. अमेरिकेत म्हातारी माणसं पडू नयेत म्हणून दवाखान्यात हीच टेस्ट घेतात. त्यांच्या हिशोबाने ६५ ते ६९ वयाच्या बाईला ११ आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं तर पडायचा धोका जास्त, ७० ते ७४ ला बाई १० पुरुष १२, ७५ ते ७९ ला बाई १० पुरुष ११. उठताना हात लावावा लागला तर शून्य लिहायचं, तिथे लाड नाहीत. माझे आले ७. ह्यांचे आले १३ आणि त्यानंतर चार दिवस हे घरात छाती काढून फिरत होते.

दुसरी टेस्ट ब्राझीलची. रिओ दि जानेरोच्या डॉक्टरांनी ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांना १० सेकंद एका पायावर उभं केलं, उचललेल्या पायाचं पाऊल दुसऱ्या पायाच्या पोटरीमागे, हात खाली, नजर समोर. पाचातल्या एकाला नाही जमलं. पुढे साधारण सात वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं तर ज्यांना जमलं नव्हतं त्यांच्यात मरणाचा धोका, वय-वजन-आजार हिशोबात धरूनसुद्धा, ८४ टक्के जास्त निघाला. २०२२ मध्ये हे छापून आलं तेव्हा आमच्या ग्रुपवर एका काकांनी 'एका पायावर उभे राहा, आयुष्य वाढवा' असं लिहून टाकलं होतं. तसं नाही हो ते. ताप उतरवायला थर्मामीटर झटकून चालत नाही, तोल जातोय म्हणजे आत काहीतरी कमी पडतंय एवढंच ते सांगतं. ही टेस्ट ओट्याजवळ करा, पटकन धरता येईल असं, आणि एकटं असताना नको.

दोन्ही आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, जिथे आपण दूधवाल्याचे खाडे लिहितो तिथेच. दर महिन्याच्या एक तारखेला परत.

नुसतं चालून मांड्या होत नाहीत

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना आहेत, त्यात ६५ च्या पुढच्या लोकांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं थोडा दम लागेल असं चालावं किंवा तसं काहीतरी करावं हे आहेच, पण त्याच्या पुढे लिहिलंय की आठवड्यातून दोन दिवस तरी ताकदीचा व्यायाम, आणि तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हीचा. आपण पहिलं वाचतो आणि बूट घालून निघतो, पुढचं राहून जातं.

आणि 'आता या वयात कसली ताकद' हे म्हणायचं असेल तर बोस्टनची गोष्ट ऐका. १९९० मध्ये तिथल्या एका वृद्धांच्या केंद्रात ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायाने वजन उचलायला लावलं, म्हणजे जिममध्ये करतात तसंच, हळूहळू वजन वाढवत. त्यांच्या पायाची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. नव्वदीतली माणसं! मी तर त्यांच्यापुढे पोरगी.

घरी करायचं असेल तर सगळ्यात सोपी पद्धत मला न्यूझीलंडची वाटली. तिथल्या ओटागो विद्यापीठाने नव्वदच्या दशकात म्हाताऱ्या माणसांसाठी घरच्या घरी करायचे व्यायाम बसवले, फिजिओ किंवा नर्स घरी येऊन शिकवून जायची, मग ज्याचं त्याने करायचं. आठवड्यातून तीनदा अर्धा अर्धा तास, आणि दोनदा तरी चालणं. पडायचं प्रमाण साधारण ३५ टक्क्यांनी कमी झालं आणि सगळ्यात जास्त फायदा ऐंशीच्या पुढच्यांना.

माझा ओट्याजवळचा प्रकार त्यावरूनच घेतलाय. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत मी ओट्याला धरून उभी. आधी टाचा उचलून चवडे, दहा वेळा, मग चवडे उचलून टाचा, दहा वेळा (हे दुसरं दिसतं सोपं आणि असतं अवघड, मागे जायला होतं, ओटा सोडू नका). मग एक पाय सरळ बाजूला नेऊन परत, दहादहा दोन्ही पाय. मग अर्धं खाली बसायचं, गुडघे थोडेच वाकवून, खुर्ची मागे आहे असं समजून, आणि वर. शेवटी ओट्याच्या कडेने एका पावलाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला लावत चालायचं, लहानपणी पावलांनी जागा मोजायचो ना तसं, टोकापर्यंत जाऊन वळून परत.

आणि मुख्य म्हणजे खुर्चीतून उठबस. हे रोज नाही, एक दिवसाआड. सुरुवातीला मला हात न लावता पाचच जमत होतं, पाचवर थांबायचे, दोन मिनिटं बसायचे, परत पाच. जमायला लागलं की वाढवायचं, आणि ही वाढवायची गोष्टच सगळे विसरतात, सहा महिने तेच दहा तेच दहा करत राहतात आणि म्हणतात फरक नाही पडला. दहा आरामात झाले की हळू करा, खाली बसताना चार आकडे मोजा, मग हातात पाण्याची भरलेली बाटली घ्या. पायाच्या व्यायामासाठी ओटागोवाले घोट्याला बांधायची वजनं देतात, मी जुन्या साडीच्या काठाची नळी शिवून त्यात अर्धा अर्धा किलो वाळू भरली आणि बांधते. ह्यांनी आधी चेष्टा केली, आता दुसरी जोडी शिवून मागितली.

दुसऱ्या दिवशी मांड्या थोड्या दुखल्या तर चालतं, ते जिना चढल्यासारखं दुखणं असतं. सांध्यात टोचलं, छातीत दाबल्यासारखं झालं, गरगरलं तर लगेच थांबा. आणि वाकून-उठून करताना श्वास कोंडून धरायचा नाही, बीपीवाल्यांनी तर नाहीच, मोठ्याने आकडे मोजत करा म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो.

ओकिनावाच्या आज्या आणि आपली भिशी

जपानच्या दक्षिणेला ओकिनावा नावाची बेटं आहेत, तिथल्या म्हाताऱ्यांवर जगभर इतकं लिहिलं गेलंय की कंटाळा यावा. पण मी वाचत गेले तसं मला हसू यायला लागलं, कारण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात त्या लोकांच्या निम्म्याहून जास्त कॅलरी कशातून यायच्या, तर रताळ्यातून. आणि त्यांची आवडती भाजी काय, तर कारलं! कारलं, टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) आणि अंडं परतून. म्हणजे ज्या दोन गोष्टी आपल्याकडे एक उपासाला आणि एक 'नको गं आई' म्हणून ताटात राहते. घरात सोफे कमी, बसणं-जेवणं चटईवर, त्यामुळे नव्वदीतल्या बाईची पण दिवसातून कित्येकदा खाली-वर अशी बैठक होऊन जायची. आपल्याकडे पाट होता, जातं होतं, उकिडवं बसून भांडी घासणं होतं, खाली बसायचा संडास होता. ते सगळं गेलं (आणि बरं झालं गेलं, मला काही परत जातं नकोय), पण त्याबरोबर मांड्यांचा फुकटचा व्यायाम पण गेला हे कोणाच्या लक्षात नाही आलं.

त्यांच्याकडे मोआई म्हणून गट असतात, त्याबद्दल पण फार गूढ काहीतरी लिहितात. मोआई म्हणजे मुळात भिशी हो. महिन्याला सगळ्यांनी पैसे टाकायचे, एकाला मिळायचे, आणि त्या निमित्ताने भेटायचं, गप्पा मारायच्या, कोण आलं नाही तर घरी जाऊन बघायचं. आपल्याकडे भिशी आहेच, फक्त आपल्या भिशीत वडा-समोसा-आइसक्रीम असतं आणि सगळ्या खुर्चीत बसून असतात. आम्ही आमच्या भिशीत एवढंच केलं की चिठ्ठी काढायच्या आधी सगळ्यांनी खुर्चीवरची टेस्ट द्यायची, आकडे वहीत. आता ईर्ष्या सुरू झालीय, जी बाई चार पावलं चालायला रिक्षा करायची ती घरी प्रॅक्टिस करून येते.

एक मात्र सांगते, या शंभरीच्या गोष्टींवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. २०१० मध्ये जपान सरकारनेच कागद तपासले तर नोंदीत जिवंत असलेले पण प्रत्यक्षात पत्ताच नसलेले असे शंभरीपार लोक २ लाख ३० हजारांहून जास्त निघाले. असल्या रेकॉर्डमधल्या गोंधळावर काम करणाऱ्या सॉल न्यूमन नावाच्या संशोधकाला २०२४ मध्ये इग नोबेल मिळालं, ते गमतीचं नोबेल असतं ते. आणि खुद्द ओकिनावात काय झालं, अमेरिकन तळ आले, बर्गर आले, गाड्या आल्या, आणि सन २००० च्या आकड्यांत तिथल्या पुरुषांचं आयुर्मान जपानच्या ४७ प्रांतांत थेट २६ व्या नंबरवर घसरलं, तिकडे त्याला '२६ शॉक' म्हणतात. म्हणजे बेट तेच, हवा तीच, ताटातलं आणि बसण्या-उठण्यातलं बदललं आणि एका पिढीत खेळ उलटला. मला ही घसरणीची गोष्ट शंभरीच्या गोष्टींपेक्षा जास्त कामाची वाटते.

जपानची अजून एक वस्तू खरंच उचलण्यासारखी आहे, रेडिओ ताइसो. १९२८ मध्ये सुरू झालं, मध्ये युद्धानंतर बंद पडलं, १९५१ पासून परत. सकाळी साडेसहाला रेडिओवर पियानो वाजतो आणि लोक बागेत, मैदानात उभं राहून हातपाय हलवतात, एक संच जेमतेम तीन मिनिटांचा, १३ हालचाली. कल्पना मुळात पोस्टाच्या विमावाल्यांची, त्यांनी ती अमेरिकेतल्या एका विमा कंपनीकडे बघून घेतली, आता विमेदार जितका जास्त जगेल तितका कोणाचा फायदा ते तुम्हीच बघा. पण त्यातली खुबी ही की वेळ ठरलेली, गाणं ठरलेलं, विचार करायचा नाही. चीनमध्ये संध्याकाळी चौकाचौकात बायका स्पीकर लावून नाचतात त्यातही तेच आहे. आणि आपल्याकडचं उदाहरण हवं तर हास्य क्लब, १९९५ मध्ये मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन सुरू केला आणि तो कुठल्या कुठल्या देशांत गेला. तुमच्या सोसायटीत चार जण असतील तरी पुरे, वेळ एकच ठेवा, आणि कोणी आलं नाही तर फोन करायचा हा नियम करा.

चालणं

दहा हजार पावलं हा आकडा कुठल्या डॉक्टरने दिलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ मध्ये जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' असं होतं, तिथून तो चिकटला. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त बायकांची पावलं मोजली तर दिवसाला २,७०० चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यू बरेच कमी दिसले, आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढत गेला नाही. त्यामुळे मुलाने दिलेल्या घड्याळात दहा हजार झाले नाहीत म्हणून रात्री हॉलमध्ये येरझारा घालू नका. आज जेवढं होतंय त्यात हजार वाढवा, पंधरा दिवस तेवढंच, मग परत बघा. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात खडीसाखर ठेवा.

सिंगापूरला २००९ पासून ज्येष्ठांनी सिग्नलच्या खांबाला कार्ड लावलं की हिरवा दिवा काही सेकंद जास्त राहतो. आमच्या स्टेशनबाहेर फूटपाथवर भाजी, खाली खड्डा आणि मागून बाईकचा हॉर्न. म्हणून मी पावसाळ्यात सरळ गच्चीवर नाहीतर पार्किंगमध्ये चालते, लोक हसतात, हसू देत, खुब्याचं हाड मोडलं तर ते येणार आहेत का.

ताटात काय

इथे मी सगळ्यात जास्त चुकत होते. आपल्याकडे वय झालं की 'हलकं' खायचं असं एक आहे, आणि हलकं म्हणजे काय तर मऊ भात, साबुदाणा, चहात बुडवलेली खारी. त्यात पोट भरतं पण स्नायूंना काही मिळत नाही. भारतातली नेहमीची शिफारस वजनाच्या किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रोटीनची आहे, पण म्हातारपणावर काम करणारे युरोपातले तज्ज्ञ पासष्टीच्या पुढे किलोला १ ते १.२ ग्रॅम सांगतात. माझं वजन ६२, म्हणजे मला ६२ ते ७४ ग्रॅम हवं. माझं जुनं ताट मोजलं तर जेमतेम ३५. किडनीचा आजार असेल तर मात्र हा आकडा तुमचा नाही, तिथे डॉक्टर सांगतील तेवढंच.

अजून एक, तरुणांच्या स्नायूंना थोडं थोडं पण चालतं, आपल्या वयाला एका जेवणात बऱ्यापैकी, म्हणजे २०-२५ ग्रॅम एकदम गेलं तर त्याचा उपयोग होतो. सगळं प्रोटीन रात्रीच्या वाटीभर आमटीवर ढकलून भागत नाही, सकाळपासून बघायला लागतं.

मी आता काय करते सांगते, कुठलीही पावडर नाही. सकाळी पोह्यांऐवजी मूगडाळीची दोन धिरडी आणि वाटीभर दही, ते झाले १७-१८. कधी धिरड्याऐवजी दोन अंडी, ती बाहेरून आणून ह्यांच्या आईच्या फोटोची माफी मागून खाते. दुपारी मोड आलेल्या कडधान्याची उसळ, पातळ रस्सा नाही, दाणे दिसले पाहिजेत अशी वाटीभर, दोन भाकऱ्या, ताक. चार वाजता बिस्किटाऐवजी मूठभर फुटाणे नाहीतर शेंगदाणे. रात्री घट्ट पिठलं-भाकरी आणि झोपताना कपभर दूध. साठ-पासष्टला जातं. मासे खाणाऱ्यांचं तर सोपं आहे, बांगड्याच्या १०० ग्रॅममध्ये १८-१९ ग्रॅम मिळतं, आणि कोकणातल्या माणसाला हे मी काय सांगायचं. शाकाहारी असाल किंवा शुगरसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ एकदा तपासून घ्या, थकवा आणि पायाची बधिरता आपण वयावर ढकलतो आणि निघतं हे.

उपासांचं काय करायचं? सोमवार, चतुर्थी, एकादशी धरल्या तर माझे महिन्याचे सात-आठ दिवस साबुदाण्यावर जायचे. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नसतंच, खिचडीत जे काय असतं ते शेंगदाण्याचं. उपास सोडा असं मी नाही म्हणत, मी पण नाही सोडलेले, पण राजगिऱ्याची भाकरी किंवा लाडू, भगरीबरोबर शेंगदाण्याची घट्ट आमटी, दही, रताळं असं केलं तर देवाचं काही बिघडत नाही.

दातांबद्दल थोडं. दात गेले की माणूस आपोआप बिस्किटावर येतो, घरोघरी बघा. जपानने १९८९ मध्ये '८०२०' मोहीम काढली, ८० व्या वर्षी स्वतःचे २० दात. तेव्हा दहात एकाचेही धड नसायचे, २०१६ च्या पाहणीत निम्म्याहून जास्त लोकांचे निघाले. कवळी टोचते म्हणून डबीत ठेवून गिळून जेवत असाल तर आधी ती नीट करून घ्या, बाकीचं ताट नंतर. तोपर्यंत फुटाण्यांचं पीठ ताकात कालवून, दाण्याचा कूट भाजीत, अंडं उकडून कुस्करून.

आता मीठ. याच्यात मला जपानचाच नागानो प्रांत आवडला, ओकिनावापेक्षा जास्त. डोंगराळ, थंड, हिवाळ्यात नुसती लोणची खाऊन राहणारे लोक, आणि पक्षाघाताचं प्रमाण भयंकर. तिथे गावच्या बायकांनी आरोग्य खात्याबरोबर घरोघरी जाऊन सूपमधलं मीठ मोजलं, मिसो (सूपमध्ये घालतात ती सोयाबीनची खारट पेस्ट) कमी आणि भाज्या जास्त घाला, नूडल्सचं पाणी सगळं पिऊ नका, लोणचं कमी, हेच वर्षानुवर्षं सांगत राहिल्या. २०१० च्या आकडेवारीत आयुर्मानात नागानो पुरुष आणि बायका दोन्हींत देशात पहिला. आपलं पण दुखणं तेच आहे, लोणचं, पापड, मेतकूट-भातावर वरून मीठ, फरसाण. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळं धरून. मी एक युक्ती करते, मीठ कमी करते त्या भाजीत लिंबू किंवा आमसूल वाढवते, आंबट असलं की जीभ फसते. टेबलावरची मिठाची वाटी उचलून वरच्या फळीवर ठेवली.

दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं. चीनमध्ये ६०० गावांतल्या जवळपास २१ हजार लोकांवर त्याची चाचणी झाली, ज्यांना आधी पक्षाघात झालेला किंवा साठीपुढचे बीपीवाले असे लोक, ज्यांनी नेहमीच्या मिठात चौथा हिस्सा पोटॅशियमचं मीठ असलेलं वापरलं त्यांच्यात पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले, २०२१ मध्ये हे आलं. चांगलंच आहे, पण किडनी कमजोर असेल किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या चालू असतील तर हे मीठ धोक्याचं होऊ शकतं. गोळीचं नाव डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मी पण नाही घेतलं.

ऑलिव्ह ऑइलचं सांगायचं राहिलं. स्पेनमध्ये ५५ ते ८० वयाच्या ७,४४७ लोकांवर मोठा प्रयोग झाला, त्यात तेलाइतकाच फायदा दुसऱ्या गटाला झाला जो रोज ३० ग्रॅम सुकामेवा खायचा, अक्रोड, बदाम, हेझलनट. हृदयविकार-पक्षाघात मिळून साधारण ३० टक्के कमी. लोकांची गटवारी नीट झाली नव्हती म्हणून २०१८ मध्ये तो पेपर मागे घेऊन परत छापावा लागला, निष्कर्ष बहुतेक तोच राहिला. शेंगदाणा त्या प्रयोगात नव्हता हे खरं, पण खारवलेला, तळलेला सोडून साधा भाजलेला मूठभर आणि जवसाची चटणी यावर मी समाधानी आहे. ती बाटली शेवटी कोशिंबिरीवर संपवली.

आणि 'हारा हाची बू', ओकिनावाचंच, पोट आठ आणे... नाही, बारा आण्यांपेक्षा थोडं जास्त भरलं की थांबायचं, ८० टक्के. ज्यांचं पोट सुटलंय त्यांनी जरूर करा. पण ज्या आजींचं वजन आपोआप उतरतंय त्यांना कृपा करून हे ऐकवू नका. सहा महिने-वर्षात न ठरवता वजन ५ टक्के उतरलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो, तर ते कौतुकाचं नाही, डॉक्टरांकडे जायचं.

घरातल्या एकाच माणसासाठी वेगळा डाएटचा स्वयंपाक पण करू नका, पंधरा दिवसांत बंद पडतो. फिनलंडच्या उत्तर करेलिया भागात १९७२ मध्ये पेक्का पुस्का यांनी काम सुरू केलं तेव्हा तिथले पुरुष चाळिशी-पन्नाशीत हार्ट अटॅकने जात होते, लोणी आणि मीठ यावरच स्वयंपाक. त्यांनी नवीन पदार्थ नाही आणले, तिथल्या मार्था नावाच्या गृहिणींच्या संघटनेला धरलं आणि त्यांचाच जुना रस्सा कमी चरबी-मिठाचा, जास्त भाज्यांचा करून सगळ्या गावाला जेवू घातला. चाळीस वर्षांत कमावत्या वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. आमच्याकडे पण मुलाला-सुनेला तेच पिठलं, तीच उसळ, नातू कुरकुरतो, त्याला वरून शेव.

खाली बसून उठायला परत शिकायचं असेल तर

हे खुर्चीतले आकडे तुमच्या वयाच्या रेषेवर आल्यावरच. गुडघा बदललेला असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय अजिबात नाही. पहिले काही दिवस घरात दुसरं माणूस असताना करा, बाजूला जड, न सरकणारा सोफा किंवा खाट हवी, प्लॅस्टिकची खुर्ची नको. गुडघ्याखाली घडी केलेली गोधडी.

उतरताना सोफ्याला धरून आधी एक गुडघा टेकवा, मग दुसरा, मग हात पुढे टेकवून बाजूने बसा. उठताना उलटं. आपण सरळ बसल्या जागेवरून वर यायला बघतो तिथेच अडकतो, मी सत्यनारायणाला तेच केलं. आधी एका कुशीवर वळायचं, दोन हात आणि दोन गुडघ्यांवर यायचं, रांगत सोफ्यापाशी जायचं, दोन्ही हात सोफ्यावर. मग जो पाय जास्त ताकदीचा त्याचं पाऊल पुढे सपाट टेकवायचं आणि हात-पाय दोन्हींवर जोर देऊन वर, लगेच चालायला लागायचं नाही, सोफ्यावर बसून एक मिनिट थांबायचं, डोकं स्थिर झालं की मग. दिवसातून दोनदा पुरे.

हीच पद्धत पडल्यावर उठायला पण कामाला येते, म्हणून घरातल्या सगळ्या मोठ्यांना एकदा करून दाखवा. पडल्यावर मात्र आधी हातपाय हलवून बघा, खुब्यात जोराची कळ आली तर उठायचा प्रयत्न करायचा नाही, पडून राहून हाक मारायची. त्यासाठी मोबाईल चार्जिंगला दुसऱ्या खोलीत ठेवून बाथरूमला जायची सवय मोडा, मी गाऊनला खिसा शिवून घेतलाय.

या महिन्याच्या एक तारखेला माझे खुर्चीतले १२ आले. खालून उठताना एक हात अजून टेकवावा लागतो. जाऊबाईंनी यंदाच्या सत्यनारायणाला मला न विचारता खुर्ची मांडून ठेवली होती, त्यावर मी पर्स ठेवली.